किल्विष परत येतो: एक खोटी आठवण आणि बहात्तरचा दुष्काळ

१/ या धाग्यात आपण नेहमी कागदपत्रे आणि शिलालेख वाचतो. आजचे साधन निराळे आहे: दूरदर्शनवरची एक मालिका आणि तिच्याविषयीची माझी स्वतःची आठवण. साधन म्हणून ही आठवण खोटी निघाली. ती खोटी कशी निघाली आणि त्यामुळे मला माझ्या आजीची क्षमा का मागावी लागली, ते सांगते.

२/ मालिका अर्थातच ‘शक्तिमान’. ती १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. दिग्दर्शक दिनकर जानी, नायक मुकेश खन्ना. योगसाधनेने पंचमहाभूतांचे बळ मिळवलेला हा वीर एरवी गंगाधर नावाचा वेंधळा छायाचित्रकार असतो. त्याच्यासमोर प्रयोगशाळेतून संकटे सोडणारा, ‘पॉवर’ अशी आरोळी ठोकणारा डॉ. जॅकाल उभा असतो, आणि साऱ्यांच्या मागे अंधारात बसलेला असतो तमराज किल्विष. विज्ञानकथा आणि पुराणकथा यांचे हे मिश्रण आमच्या पिढीला मुळीच विचित्र वाटले नाही.

३/ नावाकडे जरा थांबून पाहा. तमराज म्हणजे अंधाराचा राजा. किल्विष हा संस्कृत ‘किल्बिष’ या शब्दाचा अवतार. अर्थ पाप, दोष. मराठीत आपण ‘मनात किल्मिष नको’ म्हणतो, ते याच कुळातले. म्हणजे हा खलनायक बाहेरून चालून आलेला शत्रू नाही. मनात शिल्लक राहिलेला गाळ आहे. म्हणूनच तो हरतो, पण संपत नाही. चित्रपटातल्या खलनायकाला तीन तासांत मरावे लागते. मालिकेतला पुढच्या आठवड्यात परत येतो आणि पुन्हा म्हणतो, ‘अंधेरा कायम रहे’.

४/ आता माझी आठवण. घनसावंगी तालुक्यातले आमचे घर, रविवारची दुपार, मी आजीच्या मांडीवर. पडद्यावर किल्विष ज्वाळांत जळून राख होतो आणि त्याच क्षणी वीज जाते. मी किंचाळते. आजी कंदील लावते आणि म्हणते, ‘‘गेला तो. आता नाही यायचा.’’ ही आठवण मी महाविद्यालयातल्या मैत्रिणींना कितीदा तरी सांगितली असेल.

५/ २०२०च्या टाळेबंदीत वसतिगृह रिकामे झाले आणि मी गावी परतले. एप्रिलमध्ये दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवायला घेतले. मी आणि आजी रोज पाहू लागलो. मी त्या राखेच्या प्रसंगाची वाट पाहत होते. पाहिलेल्या एकाही भागात तो आला नाही. मग हिशेब मांडला. मालिका संपली तेव्हा मी जेमतेम पाच वर्षांची होते. भर दुपारी खोलीत उजेड असतो, मग कंदील कशाला? मग ज्वाळा तरी कुठल्या?

६/ त्या जालन्यातल्या दसऱ्याच्या होत्या. बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेला जळणारा रावण, कुठल्याशा रात्रीचे भारनियमन आणि टीव्हीवरचा किल्विष, या तिन्हींना माझ्या मनाने एकाच दुपारी बसवले होते.

७/ गंमत म्हणजे त्याच दिवसांत आजीने मात्र अचूक साक्ष दिली. किल्विषाच्या तोंडावरचे ते भयंकर रंग पाहून ती म्हणाली, ‘‘अगं, हे तर द्रोणाचार्य! आवाज ओळखू येईना का तुला?’’ मी पडताळले. किल्विषाची भूमिका करणारे सुरेंद्र पाल हेच बी. आर. चोप्रांच्या १९८८च्या ‘महाभारता’तले द्रोण, आणि शक्तिमान म्हणजे त्यातले भीष्म. तीस वर्षांपूर्वीचा आवाज तिने रंगाखालून ओळखला होता.

८/ हे सारे विसरून मी पदव्युत्तर शिक्षणाला लागले. गेल्या वर्षी प्रबंधासाठी १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी नोंदवताना पहिली मुलाखत आजीचीच घेतली. ती म्हणाली, ‘‘बहात्तरला खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला, अन् आपली मोसंबीची बाग तोडली.’’ मी तिथेच टोकले, ‘‘आजी, बाग तर बाबांनी नव्वदीनंतर लावली. तोडली २०१३ला. तुझा गोंधळ होतोय.’’ ती गप्प झाली. त्या दिवशी पुढे काही बोललीच नाही.

९/ कागदावर मी बरोबर होते. १९७२चा दुष्काळ वेगळा. तेव्हा जालना जिल्हाही नव्हता; तो १ मे १९८१ रोजी झाला. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती आणि त्या अनुभवातून १९७७चा रोजगार हमी कायदा आला. २०१२-१३चा दुष्काळ वेगळा. तेव्हा धान्यापेक्षा पाण्याची टंचाई मोठी होती. टँकर, चारा छावण्या आणि उभ्या वाळलेल्या मोसंबीच्या बागा ही त्याची जालन्यातली ओळख. दोहोंमध्ये ४० वर्षांचे अंतर आहे.

१०/ पण रात्री ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना मला माझी ती राख आठवली. मी तीन आठवणींची एक केली होती, कारण तिन्हींत एकच गोष्ट होती: अंधाराची भीती. आजीने दोन दुष्काळांचा एक केला होता, कारण तिच्या लेखी तो एकच होता. पहिल्यांदा त्याने धान्य नेले, दुसऱ्यांदा पाणी आणि बाग. तिने चेहऱ्यावरचा रंग पाहिला नव्हता, आवाज ओळखला होता.

११/ याचा अर्थ तारखांना महत्त्व नाही असा कोणी घेऊ नये. बाग २०१३ लाच तोडली गेली आणि माझ्या प्रबंधात तेच लिहिलेले असेल. पण आजीचे वाक्यही तिथे जसेच्या तसे असेल, ‘चुकीची आठवण’ असा शेरा न मारता. कधी काय घडले हे कागद सांगतो. काय परत आले, हे मात्र ज्यांच्यावर ते दोनदा कोसळले तेच सांगू शकतात. एकेका दुष्काळाला एकेक प्रकरण देऊन पान उलटण्याची आम्हा विद्यार्थ्यांची सवय मला त्या रात्रीपासून खटकू लागली आहे.

१२/ दुसऱ्या दिवशी मी आजीची क्षमा मागितली आणि मुलाखत पुन्हा सुरू केली. या वेळी मध्ये बोलले नाही. शेवटी सहज विचारले, ‘‘किल्विष मेला, आता नाही यायचा, असं तू मला खरंच म्हणाली होतीस का गं?’’ तिने क्षणभर विचार केला. ‘‘मी कशाला म्हणेन असं? दसऱ्याचा रावण तरी कुठं मरतो? दरसाल नवा बांधत्यात.’’