मुक्तिनाथच्या वाटेचा जमाखर्च

नेपाळमध्ये मुक्तिनाथहून कालीगंडकीच्या खोऱ्यात उतरणारी वाट डोंगरी सायकलस्वारांना विशेष प्रिय आहे. मुंबईहून तेथे जाण्याचा हिशेब मात्र केवळ तिकिटाच्या आकड्यावर मांडू नये. विमानाने काठमांडू लवकर गाठता येते; परंतु सायकलच्या खोक्याचे भाडे आणि पोखऱ्यापर्यंतचा पुढील प्रवास याच खात्यावर नावे पडतो. रेल्वेने गोरखपूर, तेथून सोनौलीची सीमा ओलांडून बसने पोखरा, हा मार्ग वेळखाऊ, पण खिशाला हलका. भारतीयांना व्हिसा लागत नाही. आपल्या शंभर रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून स्थिर आहे.

पुढे जोमसोमचे छोटे विमान अर्ध्या तासाच्या आत सुमारे ८०० मीटरवरून २,७०० मीटरवर नेते. बस दिवसभर चढत राहते आणि स्वस्तही पडते. दोन्हींत मुक्तिनाथच्या ३,७०० मीटरपूर्वी मार्फा वा जोमसोम येथे एखाद-दुसरी रात्र विसावणे आवश्यक. विरळ हवेचा त्रास होऊन अर्ध्यातून परतावे लागले, तर सारी बचत बुडीत खाती जमा होते. काटकसर वाहनात करावी, विश्रांतीत नव्हे.