बाबांच्या पँटचं दप्तर

आमच्या घरी दप्तर विकत आणत नसत, शिवत असत. 1971 साली मी वाईला पहिलीत गेलो. वडील एसटीत कंडक्टर. त्यांची खाकी पँट गुडघ्यावर विरली की आई तिचा धड राहिलेला भाग जपून ठेवायची. त्यातून माझं दप्तर निघालं. पँटचा मागचा खिसा तिनं गुंडीसकट तसाच ठेवला होता. त्यात चिंचोके, पेन्सिलीचे तुकडे आणि नशीब असेल तेव्हा पाच पैसे. पट्टा एकच. तो तिरका गळ्यात अडकवला की दप्तर शाळेपर्यंत मांडीवर आपटत यायचं. वडिलांच्या खांद्याला पैशांची कातडी पिशवी, माझ्या खांद्याला हे. सकाळी दोघे बरोबरच ड्यूटीवर निघायचो.

दप्तरात असायचं काय? लाकडी चौकटीची पाटी, ती पुसायचं ओलं फडकं आणि बालभारतीचं पुस्तक. तेही वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत घेतलेलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. पाण्याला शाळेतला माठ होता आणि मधल्या सुट्टीत जेवायला घरी पळायचो. पावसाळ्यात खताच्या पिशवीची खोळ एकदा डोक्यावरून घेतली की दप्तरासकट मीही कोरडा.

आमच्या वर्गात एकाच मुलाकडे अल्युमिनियमची पेटी होती. तो बाकावर ती ठेवायचा तेव्हा होणारा खडखडाट मला आजही ऐकू येतो. मी घरी येऊन रडलो. आईनं दप्तराच्या झाकणावर लाल दोऱ्यानं माझं नाव भरून दिलं. मला ते मुळीच पुरलं नाही. त्या दप्तराची माया वाटायला पुढे चाळीस वर्षं जावी लागली, हेही सांगून टाकतो.

गेल्या जूनमध्ये नातीला घेऊन पुण्यात बोहरी आळीत गेलो. ती यंदा तिसरीत. दुकानात छतापासून जमिनीपर्यंत बॅगा टांगलेल्या, आत रद्दी कोंबून टम्म फुगवलेल्या. दुकानदार म्हणाला, “काका, चेन गेली तर वर्षभरात बदलून देतो.” नातीनं जांभळ्या रंगाची, वर शिंगवाला घोडा असलेली बॅग मिठीतच घेतली. “आबा, हीच!”

मी मात्र माहिती काढून गेलो होतो. बॅग पाठीपेक्षा रुंद नको, कमरेच्या फार खाली लोंबायला नको. पट्टे दोन, रुंद आणि आतून मऊ हवेत. जड पुस्तकं पाठीलगतच्या कप्प्यात राहायला हवीत. नातीला ती जांभळी बॅग पाठीला लावून दुकानात चार फेऱ्या मारायला लावल्या. घोडा सगळ्या परीक्षांत पास झाला. माझ्या खाकी दप्तरापेक्षा ही बॅग कितीतरी शहाणपणानं बनवलेली आहे, यात शंका नाही. एका पट्ट्यामुळे माझा डावा खांदा वर्षानुवर्षं खाली झुकलेला होता.

खरी गंमत पुढे झाली. आठवड्याभरात ती बॅग उचलताना माझ्याच तोंडून “आई गं” निघालं. मुलगा परदेशी जाताना बॅगा तोलतो तो हुकाचा काटा काढला. दप्तर भरलं 4 किलो 200 ग्रॅम. नातीचं वजन 24 किलो.

दप्तर हा मूळचा कचेरीतला शब्द. पेशव्यांचे कागद रुमालांत बांधून ठेवत, त्या सगळ्याचं मिळून झालं ते पेशवे दप्तर. ते आजही पुण्यात आहे. माझ्या खांद्यावर नुसता शब्द होता, नातीच्या पाठीवर अख्खी कचेरी आलीय.

या ओझ्याची ओरडही जुनीच आहे. 1989 साली ‘मालगुडी’वाले आर. के. नारायण राज्यसभेत मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर बोलले. पुढे यशपाल समितीनं 1993 साली ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. महाराष्ट्र सरकारनं 2015 साली आदेश काढला की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं. म्हणजे आमच्या घरचा हिशेब 2 किलो 400 ग्रॅमचा.

मग रात्री दोघांनी जमिनीवर बसून बॅग उपडी केली. लिटरभर पाण्याची बाटली, म्हणजे एक किलो तिथेच. शाळेत फिल्टर आहे, म्हणून आता बाटली अर्धीच भरायची ठरली. मागच्या आठवड्याची चित्रकलेची वही, परत करायचं राहिलेलं ग्रंथालयाचं पुस्तक, दोन कंपासपेट्या, मैत्रिणीची स्केचपेनं आणि तळाशी सात गुळगुळीत दगड. दगड कशाला, विचारलं तर म्हणाली, “ते सुंदर आहेत.” माझे चिंचोके आठवले. एक दगड ठेवू दिला.

वेळापत्रक समोर धरून पुन्हा दप्तर भरलं. काटा 2 किलो 800 वर थांबला. तो दगड नगण्य होता. उरलेले 400 ग्रॅम आमचे नव्हतेच, ते वेळापत्रकाचे होते. एकाच दिवशी पाचही विषयांची पुस्तकं, त्यावर वर्गपाठाच्या आणि गृहपाठाच्या वेगळ्या वह्या. बॅग कितीही पारखून घेतली तरी ते कमी होणार नाहीत.

येत्या शनिवारी पालकसभा आहे. काटा खिशात मावतो. मी तो घेऊन जाणार आहे. तुमच्या घरी असेल तर तुम्हीही न्या.