गिऱ्हाईक परत पाठवताना

"वकीलसाहेब, गिऱ्हाईक परत पाठवलं तं केस होते काय?" गेल्या उन्हाळ्यात आर्णीतला एक छापखानेवाला माझ्याकडे आला, तो हा प्रश्न घेऊन. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं हा त्याचा धंदा. आठवड्यात त्यानं दोन पत्रिका नाकारल्या होत्या. एकीतली नवरी सोळा वर्षांची. दुसरीतला नवरदेव मातंग, नवरी कुणबी. "आपल्या मनाले नाही पटलं," दोन्हींचं कारण हेच.

पहिल्या नकाराबद्दल मी त्याला चहा पाजला. २००६च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात असं लग्न लावणाऱ्याला आणि त्याला हातभार लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणून तर अक्षय्य तृतीया जवळ आली की प्रशासन छापखाने, मंडपवाले, बँडवाले यांना वयाचा दाखला पाहा म्हणून बजावतं. तिथं नकार देणं हेच कर्तव्य.

दुसऱ्या नकारावर मात्र त्याला खुर्ची ओढून नीट बसवावं लागलं. १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ६ सांगतं की, जो माल वा सेवा इतरांना देता ती अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला नाकारली तर तो गुन्हा. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. (पाचशे रुपयांत आज शंभर बऱ्या पत्रिकाही छापून होत नाहीत; हा आकडा बदलायला हवा.) शिवाय कलम १२ प्रमाणे नाकारला गेलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालय कारण अस्पृश्यता हेच धरून चालतं. 'मनाले नाही पटलं' हा तिथं बचाव होत नाही.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं सर्वांना खुली केली आहेत. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत प्रश्न निघाला, 'दुकान' म्हणजे नेमकं काय? धोबी, न्हावी त्यात येतात का? येईल त्याला सेवा देऊ करणारी जागा ती दुकान, असा व्यापक अर्थ बाबासाहेबांनी सांगितला. गावोगावी कटिंग आणि वेगळ्या कपबशीवरून जे चाललं होतं, ते त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

पण नकार म्हणजे नेहमी अन्यायच, असं मी मानत नाही. १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे उभे होते. हातावर पोट असलेल्या माणसांनी मजुरी सोडली. त्यांचा विरोध त्या बाईला नव्हता, तिच्यावर होणाऱ्या कामाला होता. माझ्या छापखानेवाल्याला मी हीच कसोटी दिली. शिवीगाळीचा फ्लेक्स छापू नकोस, कुणाचाही असो. पण जी पत्रिका एकाला छापतोस, ती दुसऱ्याला तो कोण आहे म्हणून नाकारू नकोस.

अमेरिकेत समलिंगी जोडप्याचा केक नाकारणाऱ्या बेकरीवाल्याच्या बाजूनं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, तोही राज्याच्या नागरी हक्क आयोगानं त्याच्या धर्माबद्दल आकस दाखवला एवढ्याच मुद्द्यावर. मूळ प्रश्न तिथंच राहिला. आपल्याकडेही फटी आहेत. लग्न न झालेल्या जोडप्यानं लॉजमध्ये खोली घेणं कोणत्याही कायद्यात गुन्हा नाही. पण कलम १५(२) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान हीच कारणं आहेत, वैवाहिक स्थिती नाही. त्यामुळे मालकानं हाकललं तर ते जोडपं कुठं जाणार, याचं उत्तर माझ्याकडच्या पुस्तकांत सापडत नाही. तृतीयपंथी व्यक्तींना मात्र २०१९च्या कायद्यानं सेवेचा हक्क मिळाला आहे, आणि तो आमच्या भागातल्या फारच थोड्या दुकानदारांना ठाऊक आहे.

छापखानेवाल्यानं ती दुसरी पत्रिका छापून दिली. मनातून पटलं का, ते मी विचारलं नाही. आता तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होईल. पत्रिकेवाल्यानं मुलीचा जन्मदाखला मागितला तर रागावू नका. जात विचारली, तर माझ्याकडे या.