पाव फेरा

आमच्या वाईच्या घरात दोन गोष्टींना अप्पांखेरीज कोणी हात लावायचा नाही असा दंडक होता. एक भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ आणि दुसरा स्कूटरचा कार्बोरेटर. घड्याळ काही वर्षांपूर्वी आपणहून थांबले आणि अप्पांनी ते थांबू दिले. स्कूटर मात्र कुरकुरत का होईना, गेल्या पावसाळ्यापर्यंत चालू होती.

स्कूटर म्हणजे अर्थात चेतक. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन १९७२ साली निघालेली ही गाडी त्या काळी पैसे मोजून लगेच मिळत नसे. अप्पांनी १९७६ साली नाव नोंदवले, तेव्हा मी पाळण्यात होतो. गाडी १९८४ साली गणपती आळीत आली, तेव्हा मी तिसरीत होतो आणि हँडलमागच्या मोकळ्या जागेत उभा राहायला जरा जास्तच उंच झालो होतो. आठ वर्षे वाट पाहून आलेल्या वस्तूकडे माणूस नुसती वस्तू म्हणून पाहत नाही. आईने तिला ओवाळले होते. पेढे ढोल्या गणपतीला आधी आणि शेजाऱ्यांना नंतर गेले होते.

अप्पा पाचगणीच्या एका शाळेत हिशेबनीस होते. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर. गाडी येण्यापूर्वी ते एस.टी.ने जात, गाडी आल्यावर गाडीने. रोज सकाळी स्कूटर एका अंगावर कलती करायची, टाकीच्या तळाशी उरलेले पेट्रोल नळीकडे आले असे मानायचे, चोक ओढायचा आणि किक मारायची. हा विधी महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत होत असेल. अप्पांचा खास विधी पुढे होता. घाट चढून दांडेघरला पोहोचले की ते गाडी थांबवत, खिशातून वीतभरही नसलेला एक डिसमिस काढत, इंजिनाचे झाकण उघडून कार्बोरेटरच्या मागचा एक पितळी स्क्रू किंचित फिरवत आणि पुढे जात. संध्याकाळी खाली उतरल्यावर तो पुन्हा होता तिथे आणत.

"ह्यांचा स्क्रूसुद्धा सकाळी नोकरीला जातो आणि संध्याकाळी घरी येतो," असे आई म्हणायची.

ह्यात थट्टेचा भाग असला तरी खुळेपणाचा नव्हता. पेट्रोल नुसते जळत नाही, त्याला हवा लागते. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा. हे जमवणे एवढेच कार्बोरेटरचे काम. त्याच्या पोटात एक तरंगता फ्लोट असतो, तो पेट्रोलची पातळी राखतो. इंजिन हवा ओढू लागले की ती हवा जाता जाता बारीक भोकाच्या जेटमधून पेट्रोल वर खेचून घेते. पण जेटला हवा दिसते ती आकाराने, वजनाने नव्हे. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांच्या आसपास आणि पाचगणी तेराशेच्या. वर हवा विरळ. तेवढ्याच हवेत प्राणवायू कमी आणि पेट्रोल मात्र जवळजवळ पूर्वीइतकेच. मग इंजिन जेवण जास्त झालेल्या पाहुण्यासारखे घुसमटू लागते, उभ्या गाडीचा आवाज घोगरा होतो आणि सिग्नल नसलेल्या गावातसुद्धा ती चौकात बंद पडते. स्क्रू पाव फेरा आत घेतला की मंद चालीपुरते पेट्रोल कमी होते. काही कार्बोरेटरांत हे नेमके उलटे असते, पण आमच्या गाडीत आत म्हणजे कमी.

हे सगळे मला अप्पांनी कधी शिकवले नाही. त्याला कारण मीच होतो.

१९९४ साली मी अठरा वर्षांचा होतो. एका मित्राने सांगितले, कार्बोरेटरातला मुख्य जेट काढून लहान भोकाचा घातला की ॲव्हरेज वाढते. अप्पा दुपारी झोपले असताना मी तो घातला. लिटरला चार-पाच किलोमीटर जास्त मिळाले तर अप्पा खूश होतील, असा माझा हिशेब होता. हिशेबनिसाच्या मुलाचा हिशेब चुकावा तो असा. दोन स्ट्रोकच्या इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, लिटरला वीस मिलिलिटर. पेट्रोल कमी झाले की तेलही कमी झाले. दुसऱ्या दिवशी भर घाटात, मागे भाजीची पिशवी आणि पुढे वळण असताना पिस्टन धरला. गाडीचे मागचे चाक एकदम अडकले. अप्पा पडले नाहीत, पण पडू शकले असते. तिथून त्यांनी क्लच दाबून गाडी उलटी उतरवत वाईपर्यंत आणली.

सिलिंडर बोअर करावा लागला, मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागला. किती खर्च आला हे त्यांनी मला सांगितले नाही. काहीच बोलले नाहीत. फक्त तो लहान डिसमिस टेबलाच्या खणात असे, तो त्या दिवसापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहू लागला. एकतीस वर्षे मी त्या खिशाकडे पाहत आलो.

गेल्या पावसाळ्यात गाडी बंद पडली ती पडलीच. अप्पा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. चार वर्षांपासून त्यांचे हात कापतात. बशीत चहा ओतताना निम्मा बशीबाहेर जातो, आणि त्यांना तो आपणच ओतायचा असतो. त्यांनी तशाही हातांनी कार्बोरेटर उघडायचा प्रयत्न केला. आईने फोन करून मला पुण्याला कळवले : "रात्रीपर्यंत अंगणात दिवा घेऊन एक वायसर शोधत होते."

दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा मी झाकण काढून पाहिले. कार्बोरेटरच्या पोटात पांढरी भुकटी साचली होती आणि सरकता पडदा ज्या खाचेतून वर-खाली होतो, ती खाच खाल्ली गेली होती. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ती ओल जुन्या धातूला व रबराला बाधते. भुईंजच्या कारखान्याकडे जाणारा ऊस पाहत आम्ही वाढलो. त्या उसाच्या कुळातले काही एक दिवस अप्पांच्या कार्बोरेटरात जाऊन बसेल असे वाटले नव्हते.

"नवा बसवावा लागेल," मी म्हणालो.

"मिळतो का?" अप्पांनी विचारले. त्यांच्या आवाजात 'मिळत नसला तर बरे' असे काहीतरी होते. नसता मिळाला, तर गाडी घड्याळासारखी आपणहून थांबली असे म्हणता आले असते.

माझ्या मुलीने लगेच सुचवले की २०२० पासून विजेवरची चेतक निघाली आहे, तिला कार्बोरेटरच नाही. शिवाय त्याच वर्षी प्रदूषणाचे नवे नियम आल्यापासून नव्या पेट्रोलच्या दुचाक्यांतूनही तो जवळजवळ हद्दपार झाला आहे. अप्पांनी हे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "मग बिघडलं तर उघडून बघायचं काय?"

कार्बोरेटर पुण्याला नाना पेठेत मिळाला. पहिल्या दुकानदाराने माझ्याकडे दयेने पाहिले, तिसऱ्याने माळ्यावरून खोका काढला. मी तो वाईला नेऊन अभिमानाने अप्पांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिला प्रश्न केला, "जेटचा नंबर पाहिलास?"

मी पाहिला नव्हता. एकतीस वर्षांपूर्वीचा मुलगा माझ्या आत चुळबुळला. जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. नव्यातला जेट जुन्यापेक्षा दोन आकड्यांनी लहान होता. दोन शतांश मिलिमीटर! आमच्या घरात ह्याहून मोठ्या फरकांवरून कधी भांडणे झाली नाहीत. जुन्या कार्बोरेटरातली जेटची ती तीन मजली मनोऱ्यासारखी जोडणी सबंध काढून, पेट्रोलने धुऊन, फुंकर मारून मी नव्यात बसवली.

अप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले. वाई हे विश्वकोशाचे गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली, म्हणजे आमच्या गाडीच्या नोंदणीच्या वर्षी निघाला. यंत्रांना शुद्ध मराठी नावे देण्याची सोय आमच्या गावातच आहे. पण अप्पांचे मराठी गॅरेजातले. "आधी पेट्रोलचा कॉक बंद. आता रेसची तार सोडव. पक्कड नको, पाना घे. भोकात फडकं कोंब आधी! नट आत पडला तर सगळं इंजिन खोलावं लागेल." मी फडके कोंबले. जुने पॅकिंग खरवडले, नवे ठेवले, त्यावर कार्बोरेटर बसवला आणि दोन लांब बोल्ट आवळले. पुन्हा आवळले. गळायला नको म्हणून आणखी एकदा, दात-ओठ खाऊन.

पाचव्या किकला गाडी सुरू झाली. घरात टाळ्या पडल्या. मी रेस दिली, आणि सोडली, ती उतरेना. इंजिन किंचाळू लागले, अंगण निळ्या धुराने भरले, शेजारचे कुत्रे आणि शेजारी दोघेही बाहेर आले. मी भांबावून बंद करायचे बटण दाबले.

शांतता झाल्यावर अप्पा म्हणाले, "बोल्ट जास्त पिळलेस. त्याचं अंग वाकलं, पडदा अडकला. सैल कर, आणि हाताला लागले की थांब."

ते रागावले नव्हते. मी सैल केले, हाताला लागले तिथे थांबलो. पडदा टपकन खाली आला. कार्बोरेटरला दाबून धरले की तो जागचा हलत नाही, हे १९९४ साली कोणी सांगितले असते तरी मी ऐकले नसते.

मग आला तो पितळी स्क्रू. इंजिन गरम झाले होते. अप्पांनी खिशातून डिसमिस काढला, खुर्चीवरून उठले, वाकले. टोक खाचेत बसेना. स्क्रूच्या भोवती ते कापत फिरत राहिले. आई दारातून आत गेली. मी मदतीला हात पुढे केला नाही; काय करावे ते मला कळत नव्हते. थोड्या वेळाने त्यांनीच डिसमिस माझ्या हातात दिला आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन डोळे मिटून बसले.

"हलक्या हातानं पूर्ण आत. आता दीड फेरा बाहेर. आता पाव पाव."

मी पाव फेरा फिरवायचा, थांबायचा. ते ऐकायचे. मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. "नाही. अजून. अजून. गेलं पुढे, मागे घे." आणि एका ठिकाणी मलाही ऐकू आले. आवाज मोकळा झाला, घसा साफ केलेल्या माणसासारखा. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते, पण मान हलली.

पाडव्याच्या दिवशी मी त्यांना मागे बसवून पसरणीचा घाट चढलो. आईने विरोध केला, तेव्हा तडजोड म्हणून आमची ही मोटार घेऊन मागून आली, सबंध घाटभर दुसऱ्या गियरमध्ये. खाली कृष्णाकाठची वाई, पलीकडे धोमचे पाणी. अप्पांच्या हातांचा कंप माझ्या खांद्यांवर जाणवत होता. गाडीचा कोणता आणि त्यांचा कोणता, हे काही वळणांनंतर मला सांगता आले नसते.

दांडेघरला मी न सांगता थांबलो. प्लग काढून पाहिला : चहाच्या रंगाचा, म्हणजे ठीक. काळा असता तर पेट्रोल जास्त, पांढरा असता तर १९९४. मग पाव फेरा आत घेतला. अप्पा दरीकडे तोंड करून उभे होते. पाचगणीत त्यांनी शाळेचे फाटक बाहेरूनच पाहिले, चहा घेतला आणि आम्ही उतरलो.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. मी गाडी स्टँडवर घेतली, इंजिन चालूच ठेवले आणि डिसमिस त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. "तो बाहेर घे आणि ये जेवायला," असे म्हणून ते पायऱ्या चढून आत गेले. आवाज ऐकायला थांबलेही नाहीत.

मी स्क्रू बाहेर घेतला. पाव फेऱ्याला किंचित कमीच. मला तिथे बरा वाटला.