आधी कळस

कराडहून विट्याकडे निघालं की वाटेत कडेगाव लागतं. जुनी देवस्थानं पाहायला म्हणून मी या भागात हिंडतो, तेव्हा आधी देवराष्ट्र्याला जातो. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथे झाडांच्या गार सावलीत सागरेश्वराची जुनी देवळं आहेत. कधीही जा, गाभाऱ्यातला थंडावा तुमच्यासाठी राखलेला असतो. कडेगावच्या ज्या वास्तूची कीर्ती दूरवर गेली आहे, ती मात्र आडदिवशी गेलेल्याला दिसत नाही. ती मोहरमपुरती उभी राहते आणि मग उतरवली जाते. ती म्हणजे कडेगावचे गगनचुंबी ताबूत.

शंभर फुटांच्या पुढची उंची इथले लोक अभिमानाने सांगतात. कळकाच्या कामट्या, सूत, चिकणमाती, रंगीत कागद, सामान एवढंच. पण बांधायची रीत उलटी. आधी कळस, मग पाया. सगळ्यात वरचा मजला पहिल्यांदा तयार होतो, आणि त्याच्याखाली एकेक मजला येत जातो. ज्ञानदेवांना पाया आणि तुकोबांना कळस मानणाऱ्या वारकरी मनाला ही रीत ऐकून क्षणभर थबकायला होतं. पाहत राहिलं की तिचा अर्थ उमगतो. कळस वर जातो तो खालून लावलेल्या हातांमुळे. प्रत्येक नवा मजला म्हणजे वरच्याला दिलेला आणखी एक खांदा.

आणि हे हात एका धर्माचे नाहीत. मुसलमानांच्या ताबुतांबरोबर हिंदू घराण्यांचेही ताबूत इथे पिढ्यान् पिढ्या बसतात. ही प्रथा एका देशपांड्यांनी सुरू केली, असं गाव सांगतं. इमाम हुसेन करबलाच्या रणात इसवी सन 680 मध्ये शहीद झाले. त्यांचा शोक कृष्णा-येरळेच्या या मुलखाने आपल्या घरातला म्हणून वाहिला. नवस इथे पिराला बोलला जातो, चोंगे आणि मलिदा घरोघरी जातो, आणि घेणारा हात जात विचारत नाही.

मोहरमच्या दहाव्या दिवशी ताबूत खांद्यांवर उचलले जातात. डुलत, सावरत ते एकमेकांजवळ येतात. हा भेटीचा सोहळा. इतकी उंच, नाजूक वास्तू तोलायची तर खालच्या प्रत्येकाला शेजाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवावं लागतं. तिथे कुणी एकट्याने जोर लावून चालत नाही.

2024 मध्ये 17 जुलैला आणि 2025 मध्ये 6 जुलैला आषाढी एकादशी आणि मोहरमचा दहावा दिवस एकत्र आले. एक तिथी अमावस्येपासून मोजलेली, दुसरी चंद्रदर्शनापासून. चंद्र दोघींचा एकच. पंढरीत टाळ आणि कडेगावात ताशा, एकाच दिवशी. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने दोन्हींत महिन्याचं अंतर पडलं. पंचांगं अशी जवळ येतात, लांब जातात. माणसांनी लांब जायचं कारण नाही.

दगडी देऊळ एकदा बांधलं की शतकं निभावतं. सलोखा तसा निभत नाही. गेल्या वर्षीची कामटी यंदाचा भार पेलेलच असं नाही. दरसाल नवा कळक चिरावा लागतो, नवं सूत ताणावं लागतं. कडेगाव ते काम न कंटाळता करतं, म्हणून हे गाव मला तीर्थक्षेत्र वाटतं. मोहरमच्या दहाव्या दिवशी तिथे एकदा जा. भेट होताना वर कळसाकडे पाहाल, तसं खाली खांद्यांकडेही पाहा.