उभ्या गाडीचा हिशोब

डोंबिवलीतली गाडी आठवड्याचे पाच दिवस उभी असते. मालक सकाळची फास्ट लोकल पकडून घाटकोपरला, दादरला, सीएसएमटीला गेलेला असतो आणि गाडी खाली स्टिल्टमध्ये कव्हराखाली. इमारतीतली मांजरं तिच्या बॉनेटवर झोपतात, गाड्या पुसणारा मुलगा सकाळी ओला फडका फिरवून जातो. ती बाहेर पडते ती रविवारी, कल्याणच्या आत्याकडे जायला. किंवा आईला डॉक्टरांकडे न्यायला, आणि वर्षातून दोनतीनदा गावी. तरी तिच्यावर जीव असतो. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर खाली आपली गाडी आहे, हा धीर डोंबिवलीकराला मोठा वाटतो आणि तो खोटा नाही.

घोडबंदर रस्त्यावरची गाडी निराळी. कासारवडवली, ओवळा, गायमुख या भागात पायी जाता येईल असं रेल्वे स्टेशनच नाही. पवई, सीप्झ, ऐरोली, जिथे नोकरी असेल तिथे रोज चाकांवरून जायचं. मेट्रो 4 चे खांब वर्षानुवर्षं डोक्यावर उभे राहत गेले आणि खाली जेएनपीटीहून गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या रांगेत माणसं पहिला-दुसरा गिअर करत राहिली. तिथली गाडी पंधरा मिनिटांच्या अंतराला तास खाते.

सध्या आमच्या घरात या दोन्ही गाड्यांचा विचार एकदम चालू आहे. आमची डोंबिवलीची पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची होत आली आणि कासारवडवलीला राहणाऱ्या ताईलाही नवी घ्यायची आहे. इलेक्ट्रिक, हायब्रिड की पेट्रोल, यावर रविवारची जेवणं लांबतात. माझं मत आता पक्कं झालंय: या प्रश्नाचं उत्तर शोरूममध्ये नाही, पार्किंगमध्ये आहे. गाडी किती धावते आणि धावत नसते तेव्हा कुठे उभी असते, हे दोन प्रश्न आधी सुटले की तिसरा आपोआप सुटतो.

पहिला प्रश्न आकड्यांचा. ठाण्यात पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे. गर्दीत साधी पेट्रोल गाडी लिटरमागे बारा किलोमीटर देते असं धरलं, तर किलोमीटरला साडेआठ रुपये पडतात. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटवर सहा-सात किलोमीटर जाते. घरच्या विजेवर तो खर्च दोन रुपयांच्या आसपास राहतो. म्हणजे किलोमीटरमागे साडेसहा रुपये वाचले. इलेक्ट्रिकवर जीएसटी 5 टक्के आहे, शिवाय महाराष्ट्रात तिला मोटार वाहन कर माफ आहे; पेट्रोल गाडीला हाच कर किमतीनुसार 11 ते 13 टक्के पडतो. एवढं असूनही तशाच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक रस्त्यावर येईपर्यंत तीन लाखांनी महाग पडते असं समजू. ते तीन लाख भरून निघायला सेहेचाळीस हजार किलोमीटर धावावं लागेल. ताईची गाडी वर्षाला पंधरा हजार धावते, तिचे पैसे तीन वर्षांत वसूल. आमची चार हजार धावते. आम्हाला अकरा-साडेअकरा वर्षं लागतील. तीच गाडी, तीच किंमत, आणि मधे फक्त शीळफाटा. पण हिशोब पार उलटा.

हायब्रिडचं मोठेपण मला भावोजींच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये दिसलं. पाऊस जोरात होता, मानपाड्याच्या अलीकडे सगळं तुंबलेलं. मागे बसलेला शोरूमचा मुलगा म्हणाला, ‘‘सर, आता इंजिन बंद आहे बरं का.’’ खरंच बंद होतं. गाडी मात्र पुढच्या टेम्पोच्या मागे हळूहळू सरकत होती आणि आत फक्त टपावरचा पाऊस आणि वायपरची ये-जा ऐकू येत होती. समोरच्या पडद्यावर बॅटरीकडून चाकांकडे जाणारा निळा बाण. भावोजींनी ब्रेक दाबला की तो बाण उलटा फिरायचा, चाकांकडून बॅटरीकडे. साध्या गाडीत ब्रेक लावला की वेगातली सगळी ताकद घासून, तापून वाया जाते. इथे मोटर त्या वेळी जनरेटर होते आणि ती ताकद परत साठवते. या गाडीची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची असते, पण तुंबलेल्या रस्त्यावर ती सतत भरते आणि रिकामी होते. म्हणून ग्रँड विटारा, हायरायडरसारख्या गाड्या कागदावर लिटरला जवळपास अठ्ठावीसचा आकडा सांगतात. रस्त्यावर बावीस मिळाले तरी ते साध्या गाडीच्या दुपटीजवळ जातात. कुठे वायर लावायला नको, कुणाची परवानगी नको.

मग सगळ्यांनी हायब्रिडच का घेऊ नये? एक तर ती महाग आहे. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलला तेव्हा छोट्या पेट्रोल गाड्या 18 टक्क्यांवर आल्या. मोठ्या हायब्रिडना मात्र 40 टक्के लागतात. दुसरं म्हणजे मोकळ्या हायवेवर तिचा फायदा घटतो, कारण ब्रेकच लागत नाही तर परत मिळवायचं काय? आणि आमच्यासारखी आठवडाभर उभी राहणारी गाडी हायब्रिड असून काय उपयोग? उभ्या गाडीला ॲव्हरेज नसतं.

दुसरा प्रश्न, गाडी उभी कुठे असते. ताईची इमारत नवी. तिच्या जागेमागे भिंतीवर पांढरा चार्जिंगचा बॉक्स आहे आणि वायर थेट तिच्या मीटरपर्यंत पाइपातून नेलेली. आमची इमारत नव्वदच्या दशकातली. मीटररूमचं दार उघडलं की जुन्या लाकडी फळीवर मीटरांची ओळ, खाली जळमटं आणि एका कोपऱ्यात काळवंडलेला फ्यूज. आमचे वायरमनकाका तिथे टॉर्च मारून म्हणाले, ‘‘साहेब, पॉइंट काढून देतो, पण आधी अर्थिंग नवं घ्या. हे आहे त्यावर गाडी लावू नका.’’ त्यांचं म्हणणं लाखमोलाचं आहे. पंधरा अँपियरच्या सॉकेटमधून गाडी तासन्‌तास भार ओढते. बारीक वायर आणि सैल पिन तापतात. जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती झाली की तुटणारा ब्रेकर आणि मंजूर भार, एवढं नीट केलं की भीतीचं कारण उरत नाही.

गरज लोकांना वाटते त्यापेक्षा कमी असते, हेही सांगायला हवं. ‘रात्रभर चार्जिंग’ हा शब्द ऐकून सोसायटीत माणसं दचकतात. रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्या गाडीला सहा-सात युनिट लागतात. साध्या सॉकेटवर दोन-सव्वादोन तास. मात्र महावितरणचं घरगुती बिल शंभर, तीनशे, पाचशे युनिटांच्या टप्प्यांवर चढतं. एसी आणि गाडी एकाच मीटरवर आले की वरच्या टप्प्याचा दर लागतो. तो आकडा आपल्या जुन्या बिलांवर मांडून बघितल्याशिवाय कुणी इलेक्ट्रिक घेऊ नये.

आमच्याकडे अडचण विजेची कमी, माणसांची जास्त आहे. पार्किंगच्या चिठ्ठ्या निघतात. या वर्षी खांबाजवळची जागा, पुढच्या वर्षी गेटजवळची. मग मी पॉइंट काढायचा कुठे? नहालचंद लालूचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं की बिल्डरला स्टिल्टमधली जागा स्वतंत्र विकता येत नाही. जागा सोसायटीची. तेव्हा पॉइंटचा निर्णयही सगळ्यांनी मिळूनच घ्यायचा. त्यात ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांचा ‘आमच्या पैशांनी का?’ हा सवाल रास्त आहे; वापरेल त्याने भरावं, त्यासाठी वेगळा मीटर हवा.

शीळ रस्त्यावरून जाताना मला नेहमी ‘प्रीमियर’ आठवते. आज जिथे उंच टॉवर दिसतात, त्या भागात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. 1990 च्या दशकात तिथे फ्रान्सच्या प्यूजोची 309 ही गाडी जोडली जायची. आमच्या गावात परदेशी गाडी बनते याचा केवढा अभिमान होता! 1997 मध्ये प्यूजोने काढता पाय घेतला. ज्यांनी हौसेने ती गाडी घेतली होती, त्यांना पुढे सुटे भाग शोधत फिरावं लागलं. आज सभांसाठीच्या मैदानाच्या नावात ‘प्रीमियर’ उरली आहे. त्यामुळे नवं तंत्र घेताना मी विचारतो: आठ वर्षांनी ही गाडी उघडणारा माणूस माझ्या गावात असेल का? इलेक्ट्रिकच्या बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी देतात. हमीच्या कागदाइतकंच वर्कशॉप किती जवळ आहे, हेही बघावं.

आता धुराबद्दल. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आपल्या देशातली एक युनिट वीज सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास सोडते, कारण ती अजून बरीचशी कोळशाची आहे. गर्दीतल्या किलोमीटरवर भागलं तर साधी पेट्रोल गाडी 190 ग्रॅम, हायब्रिड शंभराच्या थोडी वर आणि इलेक्ट्रिकही तिथेच. म्हणजे आज या दोघी बरोबरीच्या. फरक एवढाच की हायब्रिडचा धूर मानपाड्याला निघतो आणि इलेक्ट्रिकचा चंद्रपूरला, कोराडीला. आम्ही डोंबिवलीकर एमआयडीसीच्या शेजारी राहतो. हिरवा पाऊस आम्ही बघितला, 2020 मध्ये गुलाबी झालेला रस्ताही बघितला. माल दुसरीकडे जातो आणि वास आपल्या खिडकीत येतो, हे काय असतं ते आम्हाला कुणी सांगायला नको. म्हणून आपला धूर चंद्रपूरकरांच्या दारात ढकलून मी स्वच्छ झालो, असं मला म्हणवत नाही.

तरीही पारडं इलेक्ट्रिककडे झुकतं. पेट्रोल गाडी पंधरा वर्षं जशी आहे तशीच राहणार. वीज मात्र बदलते आहे. जुलै 2025 पासून महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेला सवलत मिळू लागली, कारण तेव्हा सौर वीज भरपूर असते. आणि त्याच वेळी डोंबिवलीतली गाडी काय करत असते? उभी असते! नोकरदारांच्या रिकाम्या इमारतीत, भर दुपारी, वर गच्चीवर ऊन तळपत असताना. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18 हजारांचं अनुदान आहे आणि त्या सामायिक वापरात चार्जिंगही धरलेलं आहे. एवढ्या जुळून आलेल्या गोष्टी वाया घालवायच्या म्हणजे करंटेपणा.

गावचा प्रवास हा लोकांचा शेवटचा आक्षेप. गणपतीत कोकणात निघालेल्या गाड्यांच्या गर्दीत चार्जरपाशी रांग लागू शकते, हे खरं आहे. पण समृद्धी आता आपल्या भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत आली. जून 2025 पासून नागपूरपर्यंत सलग रस्ता आहे आणि त्यावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी द्यायचं राज्याने ठरवलं आहे. तिथे ताशी 120 ने गेलात तर रेंज झपाट्याने उतरते, नव्वदने गेलात तर टिकते. आणि वर्षातल्या दोन लांबच्या प्रवासांसाठी उरलेल्या तीनशे साठ दिवसांची गाडी ठरवू नये.

आमच्या घराचा निर्णय असा झाला. ताई इलेक्ट्रिक घेते आहे. तिच्याकडे पॉइंट आहे आणि रोजचं धावणं आहे. तिच्याकडे पॉइंट नसता तर मी बिनदिक्कत हायब्रिड सांगितली असती. आम्ही नवी पेट्रोल गाडी घेत नाही. एवढं कमी धावायचं तर जुनीचंच पासिंग करून पुनर्नोंदणी करायची, पर्यावरण कर भरायचा, इंधनाचे रबरी पाइप मेकॅनिककडून तपासून घ्यायचे, कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि आमची गाडी त्याच्या आधीची आहे. ती चालते तोवर सोसायटीत पॉइंट आणायचा. मग इलेक्ट्रिक.

तुम्हीही जुन्या इमारतीत राहत असाल तर गाडी बुक करायच्या आधी एक करा. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत होते. तिच्या विषयपत्रिकेत सामायिक चार्जिंग आणि गच्चीवरचं सौर हे दोन विषय घ्यावेत, असं पत्र आत्ताच सेक्रेटरींना द्या आणि त्याची पोच घ्या.