आईकडचा मॉट्स-सी

मॉट्स-सी म्हणजे 16 अमिनो आम्लांची साखळी, बस. इन्सुलिनसुद्धा 51 आम्लांचं असतं. त्याचा मजकूर आहे तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) डीएनएत, आणि तो डीएनए 1981 सालीच पूर्ण वाचून झाला होता: 16,569 अक्षरं, 37 जनुकं, प्रथिनं फक्त 13. त्या हिशेबात याला जागाच नव्हती. ज्या जनुकात तो दडला होता, त्यातून प्रथिन घडतच नाही असं सगळे धरून चालले होते. 2015 साली कॅलिफोर्नियात चांगहान डेव्हिड ली आणि पिंचस कोहेन यांनी त्याला उजेडात आणलं.

तंतुकणिकेसोबत तो येतो आईकडून. यवतमाळ जिल्ह्यात, मारेगावच्या वावरात पऱ्हाटीतून कापूस वेचणाऱ्या बाईच्या पेशीत जो आहे, तो तिच्या आईचा, आजीचा, पणजीचा. तिचा मुलगाही तो घेऊनच जन्मतो, पण पुढे देते ती मुलगीच. आणि स्वभावही लेकीसारखा. मजकूर तंतुकणिकेतला, पण तिथल्या लिपीनं वाचला तर सुरुवातीलाच अडतो. म्हणून माहेर सोडून पेशीद्रव्यात आल्यावरच त्याला आकार येतो. पेशीवर उपासमारीचा ताण आला, की हा थेट केंद्रकात शिरतो आणि तिथल्या जनुकांना ताण सोसायच्या कामाला लावतो. एवढ्याशा रेणूचं हे धाडस मला फार मोलाचं वाटतं.

कष्टाशी त्याचं जुनं नातं आहे. 2021 च्या अभ्यासात सायकल मारून दमलेल्या तरुणांच्या स्नायूंत तो जवळपास बारापट वाढला. म्हाताऱ्या उंदरांना टोचला, तर ते जास्त पळू लागले. वय वाढतं तसा रक्तातला मॉट्स-सी घटतो. वयस्क पुरुषांच्या स्नायूंत मात्र तो तरुणांपेक्षा जास्त सापडला आहे. तरीही ‘तारुण्याचं इंजेक्शन’ म्हणून त्याची विक्री चालते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याला औषध म्हणून मान्यता दिलेली नाही, खेळाडूंना तर बंदीच आहे. ही विक्री थांबायला हवी.

प्रयोगातला घाम आणि यवतमाळच्याच घाटंजी-झरीच्या कापसाच्या वावरातला घाम एक नव्हे. इथं ओटी कमरेला बांधून दिवसभर वाकायचं, मजुरी किलोमागं, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्तक्षय. अशा कष्टानं आयुष्य वाढतं असं कुणी म्हणू नये.

जपानमधल्या काही जणांत मॉट्स-सीचं चौदावं आम्ल बदललेलं असतं. असा बदल असलेल्या बैठ्या पुरुषांत मधुमेह जास्त आढळला. बायकांत तसं दिसलं नाही. म्हणजे बाईच्या शरीरात त्याचं वागणं वेगळं असू शकतं, आणि 2021 मध्ये सायकलवर बसवले होते ते सगळे पुरुषच. पुढची मोजणी पन्नाशीनंतरही वेचणीला जाणाऱ्या बायकांत व्हावी. मात्र त्यांचं रक्त घ्यायला येणाऱ्यानं आधी हिमोग्लोबिन तपासावं आणि लोहाच्या गोळ्या सोबत आणाव्यात.